बघायचं, बोलायचं नाही

आळ्याचे धर्माजी कुऱ्हाडे सर आयुष्यात दोनदा गप्प बसले. एकदा आठवीत असताना घशाला सूज आली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा नेपाळला जाऊन आल्यावर. पहिलं दुखणं डॉक्टरांनी चार दिवसांत घालवलं. दुसरं दीड वर्ष चाललं. ते कसं आलं आणि कसं गेलं, त्याची ही हकिकत.

सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. जन्मभर दुसऱ्याच्या वहीतल्या चुका काढल्यामुळे वही नसली तरी त्यांना चुका दिसायच्या. रिटायर झाल्यावर वर्ग गेला, सवय राहिली. लग्नात ते भटजींना कोणतं मंगलाष्टक राहिलं ते सांगत. दशक्रियेला प्रवचनकारानं सांगितलेलं साल दुरुस्त करत. आळेफाट्याच्या हॉटेलवाल्यांना पाटीवरचा 'नाष्टा' पुसून 'नाश्ता' लिहायला लावत. हॉटेलवाले 'हो सर' म्हणत आणि नाष्टा विकत राहत. एकदा फाट्यावर गाड्या अडकल्या आणि पोलीस नव्हता, तेव्हा सरांनी चौकात उभं राहून हातवारे केले. नगरहून कल्याणला निघालेला एक कांद्याचा ट्रक त्यांच्या हाताच्या आज्ञेत नाशिकच्या रस्त्याला लागला. ड्रायव्हर पुढच्या बोटा गावापर्यंत जाऊन परत आला आणि सरांना शोधू लागला. सर त्याला भेटले आणि त्याच्या ट्रकच्या मागचं एक स्पेलिंग चुकलंय असं त्याला सांगितलं.

घरी त्यांची बायको रत्नाबाई आणि आई ठकूबाई. थोरले भाऊ रखमाजी मळ्यात राहायचे. रखमाजींकडे बोलेरो होती आणि राजकारण होतं. निवडणूक कोणतीही असो, ते सकाळपासून मतदार वाहून नेत, आणि त्यांच्या घरची मतं किती हे पुढाऱ्यांना तोंडपाठ असे. दोघा भावांचं बरं होतं. सर राजकारणावरून त्यांना रोज बोलत आणि ते रोज ऐकून न घेता निघून जात.

नारायणगावात मोहिनीताई नावाच्या एक बाई संस्था चालवायच्या. गावोगावच्या बायकांना ग्रामसभेत बोलायला शिकवणं हे संस्थेचं काम. ग्रामपंचायतीच्या निवडणुका नीट होतात का, हे पाहायलाही त्या माणसं पाठवत. सर त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी गेले होते. ही संस्था आशियातल्या तशाच संस्थांच्या एका जाळ्यात होती. एखाद्या देशात राष्ट्रीय निवडणूक असली, की बाकीच्या देशांतली माणसं तिथे निरीक्षक म्हणून जात. नेपाळची निवडणूक आली. मोहिनीताई स्वतः जाणार होत्या, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. इंग्रजी येणारा, निवडणुका पाहिलेला आणि कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस हवा होता. पहिल्या दोन अटींत तालुक्यातले बरेच जण बसत होते. तिसऱ्या अटीला एकटे सर उरले. त्यांनी सगळ्या पक्षांशी सारखंच भांडण केलेलं होतं. अशा माणसाला कागदावर तटस्थ म्हणतात.

"सर, तिकडं जाऊन फक्त बघायचं हं," मोहिनीताई म्हणाल्या. "बोलायचं नाही."

"मी बोलतो कुठे?" सर म्हणाले.

काठमांडूला एका हॉटेलात दोन दिवस शिकवणी झाली. निरनिराळ्या देशांची माणसं होती. शिकवणाऱ्या बाई बँकॉकहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, निरीक्षक बघतो, प्रश्न विचारतो आणि लिहितो. तो सूचना देत नाही, चूक दुरुस्त करत नाही, मदतही करत नाही. निवडणूक त्या देशाची आहे.

सरांनी हात वर केला. "समोर चुकीचं घडत असलं तर?"

"लिहा."

"आणि मग?"

"आम्हाला पाठवा. आम्ही सगळ्यांचं एकत्र करून अहवाल देऊ."

"तो कधी येतो?"

"पहिला मतदानानंतर दोन-तीन दिवसांत. सविस्तर काही महिन्यांनी."

"म्हणजे ज्या बाईचं मत चुकलं तिला त्याचा काय उपयोग?"

"त्या बाईला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या निवडणुकीतल्या बाईला."

सर खाली बसले. हे उत्तर त्यांना पटलं नाही, पण त्यात व्याकरणाची चूक नव्हती.

प्रत्येकाला जोडीदार दिला होता. सरांच्या जोडीला फिलिपिन्सच्या टेरेसाबाई आल्या. त्या रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका होत्या. त्या हे काम सात-आठ देशांत करून आल्या होत्या आणि दिवसाला मोजकीच वाक्यं बोलत. भाषेसाठी ऋषीराम नावाचा तिथलाच गणिताचा मास्तर बरोबर होता. तिघं जीपमध्ये बसून डोंगरात गेले.

नोकरीची पहिली वर्षं सरांनी आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला काढली होती. तिथे भात आणि नाचणी. इथेही उतारावर पायऱ्यांची शेतं, खाली भात कापलेला, वर नाचणी. ऋषीराम म्हणाला, ही कोदो. सरांनी एक कणीस हातात घेऊन पाहिलं आणि ही नाचणीच आहे असं त्याला सांगितलं. ऋषीराम पुन्हा म्हणाला, कोदो. आमच्याकडे कोदो वेगळी असते, असं सांगायला सरांनी तोंड उघडलं. टेरेसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं. नेपाळात गप्प बसायची ही पहिली वेळ.

मतदान डोंगरावरच्या एका शाळेत होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी रिकामी पेटी सगळ्यांना फिरवून दाखवली, बंद केली आणि रांग सुरू झाली. लोक थंडीत शाली पांघरून आले होते. कागदाची लांबलचक मतपत्रिका, त्यावर शिक्का मारायचा, घडी घालून पेटीत टाकायची. सगळं व्यवस्थित चाललं होतं. फक्त शाईचं टेबल दरवाजाच्या अगदी तोंडाशी होतं, त्यामुळे आत येणारे आणि बाहेर जाणारे एकमेकांवर आदळत होते. टेबल हातभर डावीकडे सरकवलं असतं तर काम झालं असतं. सरांनी ते तासभर पाहिलं. मग ते उठले.

"सर," टेरेसाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "टेबल त्यांचं आहे."

सर बसले. आपले दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसून राहिले.

दुपारच्या सुमाराला एक म्हातारी आली. बरोबर पन्नाशीचा एक धट्टाकट्टा माणूस. म्हातारीला दिसत नाही, मी तिच्याबरोबर आत जातो, असं त्यानं अधिकाऱ्याला सांगितलं. अधिकाऱ्यानं चौकशी केली आणि सोडलं. दिसत नसेल तर विश्वासाचं माणूस नेता येतं, असा नियमच होता. पण म्हातारी उंबऱ्याशी आली तेव्हा तिथे एक कोंबडी बसली होती, आणि म्हातारीनं तिला अलगद वळसा घातला. सरांनी ते पाहिलं. दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. शिक्का उमटल्याचा आवाज आला. दोघं बाहेर आले.

सरांच्या घशात वाक्य तयार होतं. इंग्रजीत होतं आणि मराठीतही होतं. ते त्यांनी गिळलं आणि लिहिलं. इतकं जोरात लिहिलं की पेनाचं टोक खालच्या पानातून गेलं.

संध्याकाळी पेटी रवाना झाल्यावर तिघं खालच्या चहाच्या टपरीवर थांबले. तिथे तीच म्हातारी बसली होती. तिनं सरांकडे बोट करून ऋषीरामला काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, हा माणूस माझ्याकडे सारखा का बघत होता?"

सरांनी टेरेसाबाईंकडे पाहिलं. मतदान संपलं होतं. टेरेसाबाईंनी होकाराची मान हलवली.

"तिला विचार, तिला दिसतं का," सर म्हणाले.

म्हातारीनं सांगितलं आणि ऋषीराम ते सांगत गेला. वाट दिसते, चूल दिसते, माणूस दिसतो. कागदावरच्या बारक्या खुणा दिसत नाहीत.

"बरोबरचा माणूस कोण? मुलगा?"

मुलगा आखातात असतो. हा शेजारी. गेल्या साली तिचा पाय मोडला, तेव्हा त्यानं तिला पाठीवर घेऊन खाली रस्त्यापर्यंत नेलं होतं. तिच्या घरापासून रस्ता दोन डोंगर पलीकडे.

"मग त्यानं तू सांगितलंस तिथेच शिक्का मारला का?"

म्हातारीनं बराच वेळ विचार केला. हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडलेला दिसत होता. मग ती बोलली आणि ऋषीराम हसला.

"ती म्हणते, ते मी त्याला विचारलं नाही. पाठीवर घेतलं तेव्हा तरी कुठं त्यानं मला काही विचारलं?"

सरांचा चहा निवला. म्हातारीबद्दल दुपारी लिहिलेलं त्यांनी काढून पाहिलं. ते खोटं नव्हतं, पण आता पुरेसंही वाटेना. त्यांनी खाली आणखी तीन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. टेरेसाबाई म्हणाल्या, मी वीस वर्षं हे करते आहे, आणि असं प्रत्येक देशात एक तरी असतं. त्यांचं त्या दिवसाचं सर्वांत लांब वाक्य तेच.

सर आळ्याला परतले तेव्हा फाट्यावर फ्लेक्स लागला होता. रखमाजींनी लावला होता. 'आंतरराष्ट्रिय निवडणूक निरिक्षकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभीनंदन.' एका ओळीत तीन चुका होत्या. फ्लेक्सवर सरांचा फोटो होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचा रखमाजींचा होता. लोक सरांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. सरांनी वरपासून खालपर्यंत फ्लेक्स वाचला आणि म्हणाले, "बरं आहे."

लोकांना वाटलं प्रवासाचा शीण असेल.

देवळाच्या सभामंडपात सत्कार झाला. शाल, नारळ, गुलाल. सरांनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. सर बोलायला उभे राहिले, की गावातली निम्मी माणसं चप्पल घालायला लागत, असा आजवरचा अनुभव होता. सर म्हणाले, "तिथे मतदान नीट झालं. नाचणी चांगली आहे. आभारी आहे." आणि बसले. चप्पल घालून निघालेले लोक अवघडले.

मग ते तसंच चालू राहिलं. लग्नात भटजी एक मंगलाष्टक गाळून पुढे गेले, आणि सर अक्षता टाकत राहिले. भटजींनाच चुकल्यासारखं वाटून ते मागे आले. हॉटेलवाले नाष्ट्याची पाटी दाखवून वाट पाहत. सर पोहे खाऊन जात. पाहायचे मात्र सगळं. मान किंचित तिरकी करून, हात मागे बांधून, एखाद्या ठिकाणी ते इतका वेळ पाहत राहत की माणसं कारण नसताना कामात सुधारणा करत. भिमाजी वायरमननं तर डीपीचं झाकण स्वखुशीनं लावलं. गावाच्या इतिहासात ते पहिल्यांदाच लागलं होतं.

घरात रत्नाबाईंची पंचाईत झाली. आधी हा माणूस बोलतो म्हणून त्या वैतागत. आता त्या भाकरी थापत असल्या की सर उंबऱ्यावर उभे राहून बघत. एकदा तव्यावरची भाकरी करपली. धूर निघाला तरी सर बघत होते.

"अहो, करपली तर सांगायचं तरी!"

"मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं असेल."

"पाठ होती माझी तिकडं!"

"हो. ते मी पाहिलं."

रत्नाबाई त्यांना नारायणगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली आणि म्हणाले, काही नाही, उलट आधीपेक्षा चांगलं आहे.

खरं काय झालं होतं ते सरांनी एकदाच, मोहिनीताईंना सांगितलं. ते म्हणाले, "चूक दिसली की मी बोलायचो. आता चूक दिसते, आणि तिच्यामागे काय आहे ते मला ठाऊक नसतं हेही दिसतं. मग वाक्य पुरं होत नाही." ग्रामसभेत कसं बोलायचं हे बायकांना शिकवण्यात मोहिनीताईंची हयात गेली होती. यावर काय बोलावं हे त्यांनाही सुचलं नाही.

मग आपली लोकसभा आली.

ठकूबाईंचं वय ब्याऐंशी. पंच्याऐंशीच्या पुढच्यांकडे मत घ्यायला घरी माणसं येत होती, तिथवर त्या पोचल्या नव्हत्या. त्यांना शाळेतच जावं लागे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, तेव्हापासून रखमाजी त्यांना धरून आत नेत आणि बटण दाबत. पुढे मोतीबिंदू निघाले. ऑपरेशन रखमाजींनीच करून आणलं, दवाखान्यात दोन रात्री तेच झोपले. ठकूबाईंना दिसायला लागलं. ओसरीवर बसून त्या तांदूळ निवडत, सुईत दोरा ओवत आणि रस्त्यानं जाणाऱ्या बाईच्या पायातलं जोडवं नवं की जुनं ते सांगत. पण मतदानाच्या दिवशी रखमाजी येत, दंडाला धरत आणि आत जाऊन बटण दाबत. ते बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मेचा महिना. सकाळीच ऊन लागत होतं. रखमाजींनी बोलेरोतून आईला आणलं, मागून सर चालत आले. वर्गात पक्षांचे एजंट बसले होते, टेबलामागे कर्मचारी, आणि केंद्राध्यक्ष म्हणून हर्षाली मॅडम नावाच्या इंदापूरकडच्या तरुण शिक्षिका होत्या. पहाटेपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलेलं दिसत नव्हतं.

"मॅडम, आईला दिसत न्हाई," रखमाजी म्हणाले. "सोबतीचा फॉर्म द्या. मी जातो संगं."

मॅडमनी फॉर्म पुढे केला. रखमाजींनी खिशातून पेन काढला. सर मागे उभे होते, मान किंचित तिरकी, हात मागे बांधलेले. ठकूबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"धर्मा, तू काय नुसता बघतूस रं?"

"बघतोय, आई."

"दीड वरीस झालं बघतूयास. काय दिसलं का न्हाई?"

एका एजंटानं हातातली बिस्किटं खाली ठेवली. सरांच्या घशात डोंगरातलं ते वाक्य अजून तसंच होतं. पण तिथे ते परदेशी पाहुणे होते, आणि इथे ते त्याच यादीतले मतदार होते आणि ही त्यांची आई होती. तिनं विचारलंही होतं.

"मॅडम," सर म्हणाले, "मतदाराला दिसतं का, हे मतदारालाच विचारा."

आवाज जरा घोगरा आला. रखमाजींचं पेन कागदावर थांबलं.

"आजी, तुम्हाला दिसतं का?" मॅडमनी विचारलं.

"दिसतं की," ठकूबाई म्हणाल्या. "तुमची टिकली वाकडी लागलीया."

मॅडमचा हात कपाळावर गेला. टिकली वाकडी होती. त्यांनी ती सरळ केली, फॉर्म परत घेतला आणि रखमाजींना म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर थांबा."

"आवं पण मॅडम, तिला त्या मशीनचं काय समजत न्हाई!"

"मग त्यांना समजावून सांगू आम्ही. तुम्ही बाहेर व्हा."

रखमाजी गेले. जाताना त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. मॅडमनी ठकूबाईंना नमुन्याच्या कागदावर चिन्ह कुठे, बटण कुठे ते दाखवलं. ठकूबाई पुठ्ठ्यामागे गेल्या. मशीन वाजायची सगळे वाट बघत राहिले. काहीच आवाज होईना. रांग दारापर्यंत आली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय स्वयपाक चाललाय का आत?" एक एजंट दुसऱ्याला हळूच म्हणाला, "म्हातारी सगळी यादी वाचतीया." ते खरं असावं, कारण ठकूबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि ते आजवर कुणाच्या कामी आलं नव्हतं.

मग मशीन वाजलं. तरी त्या बाहेर आल्या नाहीत.

"आजी, झालं," मॅडम म्हणाल्या.

"थांबा जरा. त्या खिडकीत कागद दिसतूय."

कागद खाली पडल्यावर त्या आल्या. शाई लावलेलं बोट पदराला लागू नये म्हणून त्यांनी हात लांब धरला होता. सरांनी आपलं मत दिलं आणि बाहेर आले. तोवर बोलेरो निघून गेली होती. मायलेक ऊन तुडवत चालत घरी आले.

"कुणाला दिलं?" घरी रत्नाबाईंनी विचारलं.

"दिलं एकाला," ठकूबाई म्हणाल्या, आणि भाकरी मागितली.

त्या दिवसापासून सर बोलायला लागले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रत्नाबाईंना भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं, आणि रत्नाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. फक्त पूर्वीसारखं सुटत नव्हतं. आधी विचारत, मग सांगत. बऱ्याचदा विचारण्यातच काम होऊन जाई.

रखमाजींनी मात्र बोलणं टाकलं. मत कुणाला गेलं हा मुद्दा नव्हता, कारण ते त्यांना ठाऊकच नव्हतं. चारचौघांत आपल्याला आईच्या जवळून बाहेर काढलं, हे त्यांना लागलं. पुढाऱ्यांना घरच्या मतांचा आकडा सांगताना आता त्यांना 'एक सोडून' असं म्हणावं लागे, तेही होतं. निकाल लागला, गुलाल उधळला गेला, पण रखमाजी गावातल्या घरी फिरकले नाहीत.

त्याचा त्रास ठकूबाईंना झाला. महिन्यातून एकदा त्यांना गुडघ्यांसाठी फाट्यावरच्या दवाखान्यात जावं लागे. ते काम बोलेरोचं होतं. आता सर त्यांना स्कूटरवरून नेत. प्रत्येक खड्ड्याला ठकूबाई रखमाजींचं नाव घेत.

"तूच म्हणालीस ना, नुसता काय बघतोस म्हणून?" एकदा सर वैतागून म्हणाले.

"म्हणले. मग त्यात माझं काय चुकलं?"

"दादाचं तरी काय चुकलं? तू कधी बोललीच नाहीस, मला दिसतं म्हणून."

"त्याला बरं वाटायचं," ठकूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात माझ्या पायाशी झोपायचा त्यो. म्हटलं, दाबू दे बटण. मग त्या दिवशी वाटलं, एकदा आपुन बघावं काय असतंय आत." जरा थांबून त्या म्हणाल्या, "खड्डा हाय म्होरं."

सरांनी स्कूटर खड्ड्याच्या कडेनं काढली. संध्याकाळी ते चालत मळ्यात गेले. रखमाजी कांद्याच्या चाळीपाशी होते. सर म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी आधी तुझ्याशी घरी बोलायला हवं होतं." रखमाजी म्हणाले, "मग बोलायचं व्हतं." आणि चाळीत गेले. सर परत आले.

सहा महिन्यांनी विधानसभा आली. मतदानाच्या आदल्या दिवशी ठकूबाईंनी स्वतः फोन लावायला सांगितला आणि रखमाजींना म्हणाल्या, "उद्या गाडी आण. मी स्कूटरवर येनार न्हाई. आन धर्मा बी बसंल."

बोलेरो आली. पुढे रखमाजी, मागे आई आणि सर. रखमाजींनी उतरून आईला हात दिला. फाटकापर्यंत दोघांनी दोन बाजूंनी धरलं. तिथे ठकूबाईंनी दोन्ही दंड सोडवून घेतले.

"तुमी दोघं हितंच थांबा," त्या म्हणाल्या आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

दोघं शाळेच्या भिंतीला टेकून राहिले. एकमेकांमध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा होती. थंडी पडायला लागली होती. रांग हळू होती. बऱ्याच वेळानं रखमाजी समोर बघतच म्हणाले,

"मळ्यात परवा बिबट्या आला व्हता. कालवड नेली."

"कुठली? तांबडी?"

"हां, तांबडी."

"पंचनामा झाला?"

"फॉरेस्टवाले आले व्हते. लिवून घेऊन गेले. म्हनले, अहवाल पाठवतो."

सर काहीतरी बोलणार होते, पण थांबले. मग म्हणाले, "पिंजऱ्यासाठी अर्ज दिलास का?"

"न्हाई. तुझं अक्षार बरं हाय."

"संध्याकाळी येतो."

रखमाजींनी मान हलवली. तेवढ्यात ठकूबाई पायऱ्या उतरताना दिसल्या. उतरताना त्या कडेला एक हात टेकवत होत्या, दुसऱ्या हाताचं शाईचं बोट वर होतं. दोघंही पुढे झाले.

"झालं?" रखमाजींनी विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "चल, फाट्यावर घे गाडी. मला भजी खायाची हायेत."